कापलेला भाग

"काकी, सीटीसी किती टाकू?"

प्रणोती लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. मी खाली सूप घेऊन गहू निवडत होते.

"ते काय असतं?"

"म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला किती खर्च करत होती ते."

"कुठली कंपनी? आम्ही दोघंच तर होतो."

"मग शून्य टाकते. तसंही तू फ्रेशरच आहेस."

"फ्रेशर म्हणजे?"

"ताजी. पहिल्यांदाच नोकरीला निघालेली."

"चव्वेचाळिसाव्या वर्षी?"

"त्यांना वय दिसत नाही काकी, नुसता रकाना दिसतो. पुढचं सांग. नोटीस पिरियड?"

"आता हे काय?"

"आत्ता जिथं आहेस तिथून सुटायला किती दिवस लागतील, ते."

मी स्वयंपाकघराकडं बघितलं. आत माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, भाजी चिरत होत्या. त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. "लगेच, असं लिही," मी हळू म्हणाले.

प्रणोती त्यांचीच मुलगी. इंजिनिअर होऊन घरीच बसली होती, म्हणजे तिच्या भाषेत 'जॉब मार्केटमध्ये' होती. जयसिंगपूरच्या आमच्या घरात माझ्याशी असं सरळ, काही न जपता बोलणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ही जाहिरातही तिनंच शोधली होती. पुण्याजवळ मोठं स्वयंपाकघर चालवणारी एक कंपनी होती. कारखान्यांना, कार्यालयांना जेवण पुरवायची. तिथं जैन जेवणाचा वेगळा विभाग निघत होता आणि त्यावर देखरेख करायला बाई हवी होती. राहायला खोली मिळणार होती. कंदमुळं नकोत, शिळं नको, पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत संपवायचं, असं सगळं त्यात लिहिलं होतं. त्या वर्णनाला प्रणोती 'जेडी' म्हणायची.

"ही जेडी नाहीच, काकी. तुझा दिवस कुणीतरी टाइप करून ठेवलाय."

ते खरं होतं. पहाटे आंघोळ करून बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, दर्शनाला जायचं. त्या दिवसाचा एखादा नियम घ्यायचा. कधी मीठ सोडायचं, कधी तूप, कधी गल्लीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा. सकाळ-संध्याकाळ सामायिक, म्हणजे एका जागी न बोलता, मन आवरून बसणं. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. लग्नाआधीपासून हे चालू आहे. त्यात माझं काही विशेष नाही. आमच्या आईचंही असंच होतं.

"करिअर गॅप," प्रणोती म्हणाली. "सहा वर्षं. कारण काय लिहू? घरगुती कारण टाकू? सगळे तेच टाकतात."

"खोटं नको."

"खोटं कुठंय त्यात? घरातलंच कारण आहे की."

मी सूप खाली ठेवलं. "पतीने दीक्षा घेतली, असं लिही."

तिची बोटं तशीच वर राहिली. मग ती म्हणाली, "काकी, तिकडं कुणाला कळणार नाही ते. त्यांना वाटेल, दीक्षा नावाची कोणी बाई आहे."

मला हसू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. आत अक्कांच्या बांगड्या थांबल्या.

शेवटी 'व्यवसाय बंद झाला' असं लिहिलं. तेही खरंच होतं.

आम्ही दोघं स्वयंपाकाची कामं घ्यायचो. लग्नं, वास्तुशांती, आणि मुख्य म्हणजे पूजा-उत्सवांतली मोठी जेवणं. मग त्यांनी मुनिदीक्षा घेतली. आधी रीतीप्रमाणं सगळ्यांसमक्ष माझी परवानगी विचारली आणि मी मान हलवली. मोठा मांडव होता, माणूस मावत नव्हता. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. माझ्या ओटीत श्रीफळ घातलं, खांद्यावर शाल पांघरली, बायका पाया पडून गेल्या. धन्य आहेस, असं प्रत्येक जण म्हणत होतं आणि मी मान हलवत होते. त्या दिवशी एकदा हलायला लागलेली मान मग थांबवायची कशी ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर अक्कांनी आमचा लग्नातला फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. महाराजांचा असला फोटो बरा दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या दिवसापासून घरात सगळे त्यांना महाराजच म्हणू लागले. त्यांचे सख्खे भाऊ म्हणजे माझे भावजीसुद्धा, आणि मीही. मला घरात मान फार होता. कुणी काम सांगायचं नाही आणि मी आपण होऊन केलं तर कुणी नको म्हणायचं नाही. पंगतीत माझं ताट पहिलं वाढलं जायचं, आणि माझ्याशी बोलायला कुणाकडं काही नसायचं. विधवा बाईला माणसं धीर तरी देतात. मला धीर द्यायचा तर गेलंय काय, हेच कुणाला सांगता आलं नसतं.

आता सगळ्यांच्या मनात एकच होतं. मीही ब्रह्मचर्यव्रत घ्यावं आणि महाराजांच्या संघाबरोबर जावं. मुनी विहार करत गावोगाव चालत जातात, त्यांच्या आहाराची सोय बघायला बरोबर बायामाणसं असतात, त्यांत राहावं. अक्कांनी तिकडं कळवूनही टाकलं होतं. दिवाळीला चातुर्मास संपला की पुढच्या रविवारी गाडी मला न्यायला येणार होती. माझी श्रद्धा कमी होती असं नाही. पण मला त्या गाडीत बसायचं नव्हतं. का, ते मला कुणाला सांगता येत नव्हतं, प्रणोतीलाही नाही.

तिला मी एकच म्हणाले होते, "माझ्यासाठी काहीतरी बघ." तिनंही फाटे फोडले नाहीत. "रविवारच्या आत ऑफर पाहिजे म्हणजे," असं म्हणून तिनं लॅपटॉप उघडला होता.

अर्ज गेल्यावर आम्ही वाट बघत बसलो. तेव्हा तिनं मला बरेच शब्द शिकवले. शॉर्टलिस्ट, एचआर राउंड, कल्चर फिट. मी ते मनात घोळवायची आणि विसरून जायची.

"आणि उत्तर आलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर घोस्ट केलं म्हणायचं. मला तिघांनी केलंय. आधी गोड बोलतात, आज कळवू, उद्या कळवू. मग एकदम गप्प. हो नाही, नाही नाही. असतात तिथंच, पण आपल्यापुरते नसतात."

हा शब्द मात्र मला पुन्हा विचारावा लागला नाही.

उत्तर आलं. मुलाखत कोल्हापूरच्या कचेरीत, शुक्रवारी. त्याआधी गुरुवारी संध्याकाळपर्यंत, केलेल्या कामांचे फोटो घालून पाच स्लाइडचं प्रेझेंटेशन त्यांच्या साइटवर चढवायचं. आणि फाइल पाच एमबीच्या आत हवी.

फोटो माझ्या जुन्या मोबाइलमध्ये होते. त्या काळात मी हौसेनं काढलेले. केळीच्या पानांच्या लांब रांगा, लाडवांच्या पराती, आमटीची पातेली, मांडवातली पंगत. प्रणोतीनं ते लॅपटॉपवर घेतले आणि मला शेजारी बसवून म्हणाली, "तूच लाव. उद्या त्यांनी काही विचारलं तर हात अडायला नको. मोठा-लहान करायचा तर कोपरा धरून ओढ. मधेच धरलंस तर माणसं चपटी होतात."

पहिल्याच फोटोत मी सगळी पंगत चपटी केली. दोघी हसलो. मग हात बसला.

"आणि नको असलेला भाग कापायचा असेल तर?" मी विचारलं.

"क्रॉप. हे दाबायचं आणि काठ आत सरकवत यायचा."

मी काठ आत सरकवत आले. पहिल्या फोटोत उजवीकडून, दुसऱ्यात डावीकडून. तिसऱ्यात ते मधोमध होते, तिथं निम्मी पंगत जाऊ द्यावी लागली. सगळ्या फोटोंत ते होतेच. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, हातात वाढायची बादली. आता जे मुनी आहेत त्यांचा संसारातला फोटो परक्या माणसांपुढं भिंतीवर मोठा करून दाखवायचा, हे मला बरं वाटेना. एका ठिकाणी काही केल्या कोपर राहिलं. ते मी तसंच ठेवलं. प्रणोती बघत होती.

पाच स्लाइड झाल्या, आणि साइट फाइल घेईना. वजन जास्त आहे, असं लाल अक्षरांत सांगायला लागली. प्रणोतीनं आकडा बघितला. पाचाच्या कितीतरी वर होता.

"पण मी सगळ्यांतून केवढं कापलंय," मी म्हणाले.

"कापलंस, पण ते गेलं नाही, काकी. कापलेला भाग ह्यात तसाच राहतो. नुसता दिसत नाही. हे बघ." तिनं फोटोवर टिचकी मारून पुन्हा क्रॉप दाबलं, आणि काठापलीकडं, जरा करड्या सावलीत, ते उभे राहिले. बादलीसकट. "पाची फोटोंत काका आतच बसलेत. म्हणून एवढं वजन."

ती काका म्हणाली होती. त्या घरात कितीतरी दिवसांनी तो शब्द कुणी उच्चारला होता. तिचं तिलाही कळलं नसावं.

"आता दोन गोष्टी करायच्या," ती म्हणाली. "ही खूण ठेवली की कापलेला भाग कायमचा पुसला जातो. आणि ह्या दुसऱ्यानं फोटोची बारकाई कमी होते. पुसून टाकलं की बारकाई थोडीच कमी करावी लागेल. फोटो छान राहतील आणि फाइल आत बसेल."

"आणि नाही पुसलं तर?"

"तर बारकाई पार तळाला न्यावी लागेल. सगळं धुकट दिसेल. त्यांना काय, धुकं दाखवणार आहेस?"

"पहिली खूण काढ."

"काकी, मूळ फोटो आहेत मोबाइलमध्ये. ते कुठं जात नाहीत. हे फक्त ह्या फाइलपुरतं पुसायचंय."

"मला कळलं ते."

"मग? ह्या फोटोंवरच तर तुझं ठरणार आहे. तुझ्याकडं सर्टिफिकेट नाही, डिग्री नाही. हे पाच फोटो आहेत फक्त."

"काढ," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खूण काढली आणि बारकाई तळाला नेली. फाइल मुकाट आत गेली. लाडू लाडवांसारखे राहिले नाहीत, पराती पिवळ्या डागांसारख्या दिसत होत्या. प्रणोतीनं सुस्कारा टाकला. "जाऊ दे. तोंडी चांगलं बोल म्हणजे झालं." मग स्वतःशीच म्हणाली, "हिला कुठलं बोलायला येतंय."

शुक्रवारी दर्शन घेऊन, गोड सोडायचा नियम घेऊन मी एसटीत बसले. बरोबर गाळून उकळलेल्या पाण्याची बाटली होती. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. आत दोघं होते. दळवी मॅडम, तिशीतल्या, लॅपटॉप त्यांच्यापुढं. आणि स्वयंपाकघराचे प्रमुख रेगे साहेब, साठीकडं झुकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला.

शिपायानं चहा आणला.

"मी बाहेरचं घेत नाही," मी म्हणाले.

"बाहेरचं घेत नाही," रेगे म्हणाले, "आणि बाहेरच्यांसाठी जेवण करणार?"

"म्हणून तर करता येईल."

ते हसले. दळवी मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, बरं चाललंय. प्रणोतीनं शिकवलेली दोन-तीन वाक्यं मी म्हटली. मग समोरच्या भिंतीवर माझी पहिली स्लाइड आली. घरी लहान पडद्यावर धुकट होती ती आता भिंतभर धुकट दिसायला लागली.

"काय आहे हे?" रेग्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बुंदी की झेंडूची फुलं?"

"लाडू आहेत."

"सर, थांबा, फोटो ताणला गेलाय बहुतेक," दळवी मॅडम म्हणाल्या. "नीट करते." त्यांनी फोटोवर टिचकी मारली. "अच्छा, क्रॉप केलंय. बाजूला आणखी आहे." आणि त्यांनी काठ बाहेर ओढला.

भिंतीवर ते आले. माणसाएवढे. खांद्यावर पंचा, हातात बादली.

माझ्या हातातली बाटली मी पायाशी ठेवली.

दळवी मॅडमनी दुसरी स्लाइड घेतली, काठ ओढला. तिसरी. चौथी. पाचवी. मग त्या मागं टेकून बसल्या. आवाज बदलला नव्हता, पण शब्द मोजून यायला लागले.

"चौगुले मॅडम, पाचही फोटोंत एकच गृहस्थ आहेत. आणि पाचही ठिकाणी तुम्ही त्यांना काढून टाकलंय. तुम्ही स्वतः एकाही फोटोत नाही. मग मी विचारतेच. हे काम कुणाचं होतं?"

"आमचं," मी म्हणाले.

"आमचं म्हणजे? हे कोण?"

"माझे यजमान."

"नाव?" रेग्यांनी विचारलं.

"अजित भूपाल चौगुले."

ते घरात होते तेव्हा मी नाव घेत नव्हते. गेले तेव्हा ते नावच मागं टाकून गेले, त्यामुळं मग कुणीच घेतलं नाही. ते माझ्या तोंडून कसं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"ते वारले का?" दळवी मॅडमनी हळू विचारलं. "सॉरी, पण फॉर्मवर तुम्ही विवाहित लिहिलंय."

"नाही. आहेत. त्यांनी मुनिदीक्षा घेतली. आता चालत असतात गावोगाव. फॉर्मवर जे रकाने होते त्यांत दुसरं काही बसत नव्हतं."

रेग्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण माझा प्रश्न राहिलाच. धंदा ते चालवत असतील आणि तुम्ही घरून मदत करत असाल, तर तसं सांगा. त्यात कमीपणा नाही. पण मला माझ्या स्वयंपाकघरात तो माणूस हवाय ज्यानं हे केलंय."

"वाढायचं ते बघायचे. माणसं सांभाळायची, हवं-नको विचारायचं, ते सगळं त्यांचं. शिजवायचं माझं."

"मग तुम्ही फोटोत कुठं आहात?"

खरंच मी कुठंच नव्हते. माझ्याकडं सर्टिफिकेट नव्हतं, डिग्री नव्हती, आणि जे पाच फोटो होते ते आता माझ्याविरुद्ध बोलत होते. रविवार दोन दिवसांवर होता. मी भिंतीकडं बघत राहिले.

दळवी मॅडमही बघत होत्या. त्या एकदा मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. पहिली, दुसरी, तिसरी.

"सर," त्या म्हणाल्या, "हे सगळीकडं कॅमेऱ्याकडंच बघतायत. पंगत वाढताना, बादली हातात असताना. माणसं जेवतायत आणि हे इकडं बघून हसतायत. कोण काढत होतं हे फोटो?"

"मी," मी म्हणाले. "स्वयंपाकाची कनात असते ना, तिच्या फटीतून. पहिली पंगत बसली की मी एक फोटो काढायची. वाढप बरोबर चाललंय का ते बघायला येऊन. त्यांना माहीत असायचं."

दळवी मॅडमनी स्लाइड पुढं नेली नाही.

रेग्यांनी घसा साफ केला. "बरं. आठशे पानं आहेत, दिवस मावळायच्या आत उठवायचीत. शेवटची पंगत कधी बसवता?"

"तासभर आधी. आणि तिला पोळी नाही. भात, आमटी, भाजी. पोळीला वेळ लागतो आणि माणसं मागत राहतात."

"ओरडत नाहीत, आम्हाला पोळी नाही म्हणून?"

"ओरडतात. त्यांना लाडू एक जास्त वाढायचा."

रेगे दळवी मॅडमकडं वळले. "सोमवारी ह्यांना पुण्याला बोलव."

"सर, अजून एक राउंड आहे. प्रोसेसप्रमाणं..."

"प्रोसेस तू कर. मला सोमवारी माणूस पाहिजे."

त्या हसल्या आणि टाइप करायला लागल्या. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "ही फाइल तुमच्या रेकॉर्डला जाईल. फोटो होते तसे कापून ठेवू?"

"असू देत असेच," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर उसाची शेतं मागं जात होती, आणि मला त्या रविवारच्या गाडीत का बसायचं नव्हतं ते तिथं पहिल्यांदा नीट कळलं.

आदल्या वर्षी संघाचा चातुर्मास जवळच्याच गावी होता. अक्का आणि मी आहार द्यायला गेलो होतो. शुद्ध वस्त्रं नेसून, हातात कलश घेऊन, आम्ही दारात उभ्या राहिलो. शेजारच्या दारांतही बायका उभ्या होत्या. मुनी आहाराला निघतात तेव्हा मनात एक नियम धरून निघतात. अमुक दिसलं तर तिथंच घ्यायचं, नाही तर पुढं जायचं, आणि कुठंच नाही दिसलं तर उपाशी परतायचं. काय धरलंय ते ते कुणाला सांगत नाहीत आणि कुणी विचारतही नाही. ते आले. उजवा हात खांद्याला लावलेला, डाव्या हातात कमंडलू. फार वाळले होते. मी म्हणायचं ते म्हणाले, नमोस्तु, थांबावं स्वामी. ते आमच्या दारासमोर थांबले. माझ्याकडं बघितलं. मग पुढं गेले आणि तिसऱ्या दारात त्यांचा आहार झाला.

त्यात राग नव्हता, टाळणंही नव्हतं. सगळ्या दारांकडं बघतात तसंच त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं. मुनीनं तसंच बघायचं असतं. सगळं सारखं दिसावं म्हणून तर माणूस एवढं सोडतो. त्यांना ते साधलं होतं आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन मी सामायिकाला बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आसनावर बसवेना.

त्या गाडीत बसले असते तर ते तसं बघणं मला रोज बघावं लागलं असतं. त्यांचं ते तप होतं. ते मला पेलणारं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. अक्का भाकऱ्या थापत होत्या. प्रणोती दारातच उभी होती. मी मान हलवली, तशी ती आत पळाली आणि आतून तिचा हसण्याचा आवाज आला.

मी पाय धुऊन स्वयंपाकघरात गेले. "अक्का, सोमवारपासून मला पुण्याला हजर व्हायचंय."

त्यांचे हात थांबले नाहीत. "आणि परवा गाडी येणार हाय ती?"

"तिला नको म्हणून कळवूया."

"आम्ही जड झालो काय तुला?"

"नाही अक्का."

"मग? महाराजांच्या घरची बाई आणि परक्यांच्या चुलीपुढं जाऊन उभी राहणार. लोक आम्हाला काय म्हणतील?"

"शिजवायचंच आहे, अक्का. तिकडं काय आणि इकडं काय."

"तिकडं पुण्य हाय."

"इकडं पीएफ आहे," आतून प्रणोती म्हणाली.

"तू गप बस गं. हे सगळं तूच शिकवलंयस तिला." अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाचे हात तसेच घेऊन माझ्याकडं वळल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते. "सगळं मीच कळवलंय तिकडं. दर दर्शनाला सांगत आलेय, विमल येणार, विमल येणार. आता मी एकटी गेले तर महाराजांना काय सांगू?"

"त्यांनी विचारलं, तर सांगा," मी म्हणाले.

अक्का तशाच उभ्या राहिल्या. महाराज विचारत नाहीत, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

मग त्या वळल्या, कडेनं करपत आलेली भाकरी उलटली, फळीवरून एक ताट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "दिवस चाललाय."